वाचकांचे प्रश्न : इंग्रजी उच्चार आणि आपली वर्णमाला

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावीला इंग्रजी शिकवते. मुले प्रत्येक शब्दाखाली देवनागरीत उच्चार लिहून घेतात आणि तेच वाचतात. त्यामुळे वाचन अडत नाही, पण उच्चारही सुधारत नाहीत. माझे स्वतःचे शिक्षण मराठी माध्यमात झाले आहे. मी काय करावे?
– एक शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर : मराठी माध्यमात शिकलात, ही उणीव मानू नका. दंत्य, ओष्ठ्य, घोष-अघोष, अल्पप्राण-महाप्राण हे भेद आपण व्याकरणाच्या तासाला शिकवतोच. इंग्रजीच्या तासाला मात्र त्यांचा उपयोग फारसा कोणी करत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

देवनागरीत लिहून घेण्याची सवय हळूहळू सोडवायला हवी, कारण नेमक्या अवघड जागी ती फसवते. ‘काय’ या अर्थाचा शब्द आपण ‘व्हॉट’ असा लिहितो आणि गाडीसाठीचा ‘व्हॅन’ असा. दोन्हींच्या आरंभी ‘व्ह’ दिसल्यावर मूल दोन्ही सारखेच उच्चारणार. प्रत्यक्षात पहिल्या शब्दात दात ओठाला लागतच नाहीत. ‘ऊ’ म्हणताना होतो तसा ओठांचा चंबू करून तो सोडायचा असतो. दुसऱ्यात वरचे दात खालच्या ओठावर टेकवून हवा घासत बाहेर सोडायची असते, आणि तो वर्ण घोष असल्यामुळे ओठाला बारीक कंप जाणवतो. मराठीतला ‘व’ या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे. वर्गात एक लहान आरसा फिरवा. हा फरक कानाआधी डोळ्यांना कळतो.

‘पेन’ या साध्या शब्दासाठी वहीच्या कागदाची बोटभर रुंद पट्टी ओठांसमोर धरायला सांगा. ‘पाटी’ म्हणताना ती जेमतेम हलते. इंग्रजी ‘पेन’ म्हणताना ती फडफडली पाहिजे, कारण शब्दाच्या आरंभी येणारा हा वर्ण इंग्रजीत महाप्राणाकडे झुकतो आणि तसा न उच्चारल्यास इंग्लंडमधल्या माणसाला ‘बेन’ ऐकू येण्याचा संभव असतो. त्याच्या आधी ‘स’ आला, जसा ‘स्पून’मध्ये येतो, की पट्टी पुन्हा स्थिर राहते. मुलांना हा प्रयोग फार आवडतो.

भूतकाळी क्रियापदांचा शेवटही असाच समजावता येईल. ‘प्लेड’च्या शेवटी ‘ड’ ऐकू येतो, पण चालण्याच्या क्रियापदाचे रूप ‘वॉक्ड’ नसून ‘वॉक्ट’ असे उच्चारले जाते, कारण ‘क’ अघोष आहे आणि तो पुढच्या वर्णालाही अघोष करतो. ‘वाक्’ आणि ‘देवी’ मिळून ‘वाग्देवी’ होताना पुढचा घोष वर्ण मागच्याला बदलतो. इथे तेच उलट दिशेने घडते. मूळ क्रियापदाच्या शेवटीच ‘ट’ किंवा ‘ड’ असेल तेव्हा मात्र ‘वॉण्टिड’सारखे एक अक्षर वाढते.

आघाताच्या बाबतीत वर्णमाला मदतीला येत नाही, कारण मराठीत आघात बदलल्याने शब्दाचा अर्थ बदलत नाही. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या अक्षरावर असतो, छायाचित्रणकलेसाठीच्या शब्दात तो दुसऱ्यावर सरकतो आणि पहिल्या अक्षराचा स्वर आपल्या ‘अ’च्या जवळ येऊन उच्चार ‘फटॉग्रफी’सारखा होतो. जोराच्या अक्षरावर बाकावर थाप मारायला सांगा. शब्दकोशात आघाताची खूण त्या अक्षराच्या आधी वर दिलेली असते, ती पाहायला शिकवा.

बोलून घेण्याआधी ऐकवा. मुलांकडे पाठ करून जहाज आणि मेंढी यांसाठीचे ‘शिप’ आणि ‘शीप’ हे शब्द उलटसुलट क्रमाने म्हणा. मुलांनी एक किंवा दोन बोटे वर करावीत. आपण ऱ्हस्व-दीर्घ लिहिताना पाळतो, बोलताना फारसे नाही, त्यामुळे सुरुवातीला बरीच बोटे चुकतील. ती चुकेनाशी होईपर्यंत उच्चार म्हणवून घेण्याची घाई करू नये.

प्रश्न : ‘थँक्स’मधला ‘थ’ माझ्या मुलीला इंग्रजांसारखा जमत नाही. शिकवणी लावावी का?
– एक पालक, नाशिक

उत्तर : नको. वेगवेगळ्या मातृभाषांचे लोक इंग्रजीतून बोलताना कोणत्या चुकांमुळे एकमेकांना समजत नाहीत, याचा अभ्यास करून जेनिफर जेंकिन्स यांनी २००० साली जी मांडणी केली, तिच्यात हा वर्ण अत्यावश्यक मानलेला नाही. स्वरांची लांबी, आरंभीच्या ‘प’, ‘ट’, ‘क’चा महाप्राण आणि वाक्यातील मुख्य आघात मात्र तिच्यात आवर्जून आहेत. मुलीला रोज एक परिच्छेद मोठ्याने वाचायला सांगा आणि प्रत्येक वाक्यात जोर कोणत्या शब्दावर द्यायचा, हे तिला वाचण्यापूर्वी पेन्सिलीने खूण करून ठरवू द्या.