निळा दिवा पेटतोय, तरी रिपोर्ट खराब: डिचोलीच्या दादांना उत्तर

तुमची पोस्ट वाचली: विहिरीचं पाणी, स्वयंपाकघरातल्या नळाला यूव्ही (अतिनील किरणांच्या) एलईडीचं यंत्र, दिवा व्यवस्थित पेटतोय आणि रिपोर्टात मात्र कोलिफॉर्म, म्हणजे पाण्यात घाण मिसळल्याची शंका दाखवणारे जंतू. दादा, ही तर आमच्याच घरची कथा. आम्ही फोंड्याकडचे, पण चिरा (जांभा दगड) तोच आणि त्यातून झिरपणारं तांबूस पाणीही तेच.

आरओ आणि यूव्हीतला फरक वगैरे तुम्हाला ठाऊक असणार, ते सोडतो. (मी केमिस्ट नव्हे. पदरचे पैसे घालून जे कळलं तेवढंच सांगतोय.)

तो निळा दिवा मनावर घेऊ नका. जंतूंवर चालणारा किरण साधारण २६५ ते २८० नॅनोमीटरचा, तो डोळ्यांना दिसत नाही. दिवा फक्त वीज आल्याचं सांगतो, किरण पाण्यात शिरतोय की नाही ते नाही.

आता ज्याने आमचं सगळ्यात जास्त नुकसान केलं ते. नमुना एका कार्यालयात दिला. नाव घेत नाही, अजून तिथे काम पडतं. शुक्रवारची दुपार. बर्फात घालून नेलेली बाटली त्यांनी काढली आणि खिडकीत, उजेडात ठेवून दिली. तपासणी सुट्ट्या संपल्यावर. जंतूंचा नमुना थंड ठेवून २४ तासांच्या आत तपासायला घ्यायचा असतो, हे गिऱ्हाइकाने सांगायचं? त्यात यूव्ही जंतूला जाळत नाही, त्याचा डीएनए बिघडवून वाढ थांबवतो. किरणांची मात्रा अपुरी पडली असेल तर साध्या उजेडात काही जंतू तो बिघाड दुरुस्त करून घेतात. म्हणजे त्या खिडकीत जंतूंची शुश्रूषाच चालली होती म्हणायची!

रिपोर्टात नमुना घेतल्याची तारीख नाही, आकडा नाही, फक्त ‘पिण्यास अयोग्य’. त्या दोन शब्दांवर सर्व्हिसवाल्याने एलईडी बदलून पैसे घेतले. मग कार्यालयाच्याच सल्ल्याने विहिरीत ब्लीचिंग पावडर पडली आणि पाणी आणखी लाल झालं. होणारच. त्या पावडरीतल्या क्लोरीनने पाण्यात विरघळलेलं लोह गंजून बाहेर पडतं, एलईडीपुढच्या क्वार्ट्झच्या काचेवर बसतं आणि किरण अडवतं. खाजगी प्रयोगशाळेत लोह आणि गढूळपणा मोजून घेतला तेव्हा कुठे उलगडा झाला. तोवर अख्खा पावसाळा गेला होता.

म्हणून माझं मत: आधी कच्च्या पाण्याचं लोह मोजा. लिटरला ०.३ मिलिग्रॅमच्या वर असेल तर यूव्हीच्या आधी लोह काढणारा फिल्टर हवाच. साधा कापडी-दोऱ्याचा फिल्टर विरघळलेलं लोह अडवत नाही. गढूळपणा १ एनटीयूच्या (गढूळपणा मोजायचं एकक) आत ठेवा. नमुना देताना दोन बाटल्या, यंत्राच्या आधीची आणि नंतरची, एकाच दिवशी, आणि सोमवारी सकाळी. शुक्रवारी चुकूनही नको.

काच लिंबूसताच्या पाण्याने पुसा, वीज बंद करूनच. तो किरण डोळ्यांना वाईट. माडाचं विनेगर वापरू नका, ते आंबोटाच्या कालवणाला ठेवा.

एलईडी काढून जुनी पाऱ्याची ट्यूब घ्या असं कुणी सांगेल. मी तरी घेणार नाही. एलईडीत पारा नाही, तापायला वेळ लागत नाही, नळ सोडला की लगेच चालू. पण विजेचा थोडाच भाग किरण होतो, बाकी सगळी उष्णता. म्हणून छोट्या यंत्रावर अख्ख्या घराचं पाणी चालवू नका. विकणाऱ्याला एकच विचारा: मिनिटाला किती लिटरच्या प्रवाहाला प्रति चौरस सेंटिमीटर ४० मिलिज्यूल इतकी किरणांची मात्रा मिळते? ‘३९५ नॅनोमीटर’ असं उत्तर आलं तर दुकानातून बाहेर पडा, तो नुसता जांभळा उजेड.

यंत्रातलं पाणी कळशीत भरून दोन दोन दिवस ठेवत असाल तर तेही बंद करा. क्लोरीनचा असर पाण्यात मागे राहतो, यूव्हीचा राहत नाही. शौचालयाचा शोषखड्डा विहिरीपासून किती लांब आहे तेही कळवा, पोस्टमध्ये दिसलं नाही. यंत्रानंतरच्या पाण्याचा जंतूंचा रिपोर्ट चांगला येईपर्यंत पाणी खळखळ उकळूनच प्या.