‘सर काही शिकवतच नाहीत’

नमस्कार.

तुमच्या मुलीला इंटरमिजिएट ड्रॉइंग परीक्षेला ए ग्रेड होती, चेहरे ती हुबेहूब काढायची. आता फाइन आर्टच्या पहिल्या वर्षात ती गंजलेला पत्रा ओल्या कागदावर दाबून डाग गोळा करते आणि सर ‘करून बघ’ एवढंच म्हणतात. म्हणून तिला काढून अप्लाइड आर्टला, म्हणजे जाहिरात-डिझाइनच्या शाखेला घालू का, असं तुम्ही विचारलंय. राज्यातल्या दुसऱ्या कॉलेजात जायचं तर पुन्हा एएसी सीईटी ही कला पदवीची प्रवेश परीक्षा द्यावी लागू शकते. तो मार्ग आहेच.

मला त्रास झाला तो पत्रातल्या वेगळ्याच ओळीनं. दर रविवारी रात्री ती कामाचे फोटो पाठवते, तुम्ही ते तिच्या शाळेतल्या ड्रॉइंगच्या सरांना दाखवता आणि त्यांचा शेरा तिला कळवता. अहो, रविवारी चांगलंच चित्र दाखवायचं असेल, तर सोमवारपासून ती जे येतं तेच काढत बसेल. फसलेला कागद दाखवायचा कुणाला? हे फोटो याच आठवड्यापासून बंद करा.

मोकळं सोडलं म्हणजे शिकवलं नाही, हा गैरसमजही काढून टाका. जर्मनीतल्या बाउहाउस या कला आणि डिझाइनच्या शाळेत योसेफ आल्बर्स हे चित्रकार १९२३पासून नव्या मुलांना शिकवत. एकदा त्यांनी वर्गात वर्तमानपत्रं वाटली, कागदाचा गुण ओळखून काहीतरी करा म्हणाले आणि निघून गेले. मुलांनी किल्ले केले, होड्या केल्या. परत आल्यावर आल्बर्स म्हणाले, यातलं बरंचसं दुसऱ्या साहित्यात अधिक चांगलं झालं असतं. त्यांनी वाखाणला तो फक्त उभी घडी घातलेला कागद. एरवी लोळणारा कागद त्या एका घडीनं ताठ उभा होता. बाहेर जाणं सोपं होतं. शिकवणं होतं ते परत येऊन असं बघण्यात.

तेव्हा मुलीला एवढंच विचारा: सर काम बघायला येतात का? सगळ्यांची कामं भिंतीवर लावून त्यावर बोलणं होतं का? होत असेल तर ती योग्य जागी आहे. महिनोन्महिने कुणी फिरकतच नसेल तर तुमची तक्रार खरी. मग कॉलेज बदलू, शाखा नाही. हात बिघडायची भीती असेल तर रोज मंडईत नाहीतर एसटी स्टँडवर बसून अर्धा तास स्केचिंग पुरे.

तुमच्या दोन पानी पत्रात तिचं स्वतःचं एकही वाक्य नाही. पुढचं पत्र तिला लिहू द्या, आणि पाठवण्याआधी वाचू नका.