जिंकल्यावर घरात काय बोलता?

"ताई, पोरात गुण आहेत हो, पण सातत्य नाही."

समुपदेशक म्हणून हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की समोरची आई पर्स मांडीवर घेऊन खुर्चीत टेकली की मला ते आधीच ऐकू यायला लागतं. इंदूरमध्ये तर त्याचा हंगामच असतो. कोचिंगच्या टेस्ट सिरीजचे रँक लागले की फोन सुरू होतात. एका रविवारी मुलगी दोनशेच्या आत, पुढच्या रविवारी दोन हजारांच्या बाहेर. गाण्याच्या स्पर्धेत एकदा पहिली, पुढच्या वेळी पहिल्याच फेरीत बाद. सेल्समधला जावई एका तिमाहीत हिरो, दुसऱ्या तिमाहीत झिरो. सगळ्यांचा प्रश्न एकच: हे वर-खाली का होतं, आणि थांबवायचं कसं?

उत्तरादाखल एका कॉलेजच्या फुटबॉल टीमच्या कप्तानाची गोष्ट सांगते. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत, दोन-तीन मुलांचे तपशील एकमेकांत मिसळले आहेत. त्याला निखिल म्हणू.

निखिल बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला, मिडफिल्डला खेळणारा. सामन्याच्या आदल्या रात्री झोप नाही, सकाळी पोहे खायला तयार नाही. इंदूरच्या मुलाने पोहे नाकारले म्हणजे प्रकरण गंभीर, हे त्याच्या आईला कोणी सांगावं लागलं नाही. त्यात भर मोज्यांची. पहिला सामना ज्या मोज्यांत जिंकला ते तो धुवायला देत नव्हता. आईची निम्मी तक्रार त्या मोज्यांचीच होती.

आंतरमहाविद्यालयीन सामन्यांचा त्यांचा हंगाम असा: पहिल्यात ४-०. दुसऱ्यात, ज्यांना कोणी खिजगणतीत धरत नव्हतं त्यांच्याकडून ०-१. मग २-०. मग १-३. टीमच्या सरांचा सिद्धांत पक्का होता: शाबासकी दिली की पोरं हवेत जातात, झापलं की खेळतात. घरी बाबांचंही तेच मत. शिवाय त्यांनी सामने पाहायला जाणं बंद केलं होतं, कारण "मी गेलो की हरतात."

निखिलला मी विचारलं, "हरल्यावर स्वतःला काय म्हणतोस?"

"फालतू आहे मी. टीमवर ओझं."

"आणि जिंकल्यावर?"

तो पहिल्यांदा हसला. "तेव्हा काय मॅडम, तेव्हा किंग!"

माझ्या वहीत मी 'फालतू' लिहिलं नाही. 'किंग' लिहिलं.

मी ज्या वाटेने शिकले ती अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची, विवेकनिष्ठ उपचारपद्धतीची. १९५५च्या सुमारास त्यांनी मांडलेली ही पद्धत कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवली. तिचा मला भावलेला भाग सांगायला सोपा आहे: कृतीला मार्क द्या, माणसाला देऊ नका. पास चुकला, तर पास चुकला. 'मी चुकलेला माणूस' हे त्यातून निघत नाही. पण नुसतं हे सांगून कोणाला काही फरक पडल्याचं मी पाहिलेलं नाही. पोरं मान डोलावतात आणि घरी जाऊन पुन्हा तेच करतात. ते त्यांच्या स्वतःच्या हाताला लागावं लागतं.

म्हणून मी त्याला म्हटलं, "चार-शून्यची मॅच सांग. फक्त स्कोअर सांगायचा नाही. कोण जिंकलं तेही नाही. मैदानावर काय काय झालं तेवढंच."

त्याला जमेना. "पहिल्या दहा मिनिटांत आम्ही लीड..." थांब. पुन्हा. "आमचा जोश इतका होता की..." तेही नको, जोश दिसतो कुठे? दिसलं ते सांग. "त्यांचा डिफेंडर घसरला." हां, हे चालेल.

मग हळूहळू ती मॅच बाहेर आली. रात्रभर पाऊस, मैदानात आपली माळव्याची काळी माती, बुटांना किलो-किलो चिकटलेली. डिफेंडर घसरला आणि बॉल आपसूक आपल्या स्ट्रायकरच्या पायात. दुसरा गोल त्यांच्या गोलकीपरच्या ओल्या हातांतून निसटलेला. तिसरा पेनल्टीचा. चौथा मात्र खरा, चार पासांत जुळवून आणलेला. बाकी मिडफिल्डमध्ये पास लागतच नव्हते आणि शेवटच्या पंधरा मिनिटांत सगळ्यांचा दम गेला होता.

"आता ती दुसरी सांग. तशीच."

दुसरी सांगताना त्याचे हात हलायला लागले. टेबलावरचा माझा पेन विंगर झाला, चष्म्याची केस स्ट्रायकर. मैदान कोरडं होतं, पास जुळत होते, दोनदा बॉल गोलच्या खांबाला लागून परत आला. समोरच्या गोलकीपरला त्या दिवशी काय झालं होतं कोण जाणे, सगळं अडवत होता. शेवटी एक कॉर्नर आला आणि आपल्याच डिफेंडरच्या गुडघ्याला लागून बॉल आत. "त्या दिवशी मी सगळ्यात जास्त बॉल हिसकावले असतील," तो म्हणाला आणि एकदम थांबला.

मी गप्प राहिले. गप्प बसणं हा माझ्या कामातला सगळ्यात अवघड भाग आहे आणि, सांगायला हरकत नाही, मला तो बऱ्यापैकी जमतो.

"म्हणजे चार-शून्यला आम्ही बंडल खेळलो होतो?"

"तू सांग. मी कुठे पाहिली मॅच?"

"बंडल नाही. पण... भारी पण नव्हतो."

ऐकणाऱ्याला वाटेल की आता त्याला हायसं वाटलं असणार. हरलेला सामना आपण उत्तम खेळलो होतो, हे कळल्यावर डोक्यावरचं ओझं उतरायला हवं. तसं झालं नाही. त्याचा चेहरा पडला. ०-१चा डाग पुसला गेला याचा आनंद त्याला झालाच नाही, ४-० हातातून गेली याचं दुःख झालं. खिशातलं पाकीट मारलं जावं तसा तो बसला होता.

आणि इथेच ही केस माझ्यासाठी उलगडली. आपण सगळे, आईवडील, शिक्षक आणि आम्ही समुपदेशकसुद्धा, पराभवानंतरच्या वाक्यांच्या मागे लागतो. 'स्वतःला फालतू म्हणू नकोस रे.' पण ते वाक्य एकटं येत नाही. ज्याने चार-शून्यवरून स्वतःला किंग ठरवलं, त्याने स्कोअरबोर्डाला न्यायाधीश नेमलं आहे. तोच न्यायाधीश पुढच्या आठवड्यात फालतू म्हणणार, तेव्हा 'तुझा निकाल मान्य नाही' असं कोणत्या तोंडाने सांगायचं? फालतूपणा सोडायचा असेल तर किंगपणाही टेबलावर ठेवावा लागतो. ही किंमत आधी सांगितली की बरीच मंडळी कचरतात. निखिलही कचरला. पुढच्या वेळी आला तेव्हा म्हणाला, "मॅडम, किंग सोडलं तर मग जिंकायची मजा काय?"

मजा कोणी काढून घेतली? नाच, ओरड, ढोल वाजव. मॅच जिंकल्याची मजा घे. स्वतः मोठा झाल्याची नको. हा फरक त्याला पटायला वेळ लागला आणि तो मी लागू दिला.

बाबांचं प्रकरण वेगळं होतं. त्यांना मी एकटंच बोलावलं आणि हातात लुडोचा फासा दिला. सहा पडले तर फाशाला शाबासकी द्यायची, एक पडला तर खडसावायचं. ते संकोचले, मग रंगले. सहा पडल्यावर 'वा!' म्हटलं की पुढचं दान बहुतेक वेळा कमी. एक पडल्यावर दम दिला की पुढचं दान बहुतेक वेळा जास्त. सहापैकी पाच वेळा असंच होणार, गणितच तसं आहे.

"अहो, पण फाशाला कुठे कळतंय मी काय बोललो ते!"

"मुलाला कळतं. फाशाला कळत नाही. तरी दोघंही तुमचा सिद्धांत खरा करून दाखवतात."

ही युक्ती माझ्या डोक्यातली नाही. मानसशास्त्रज्ञ डॅनिएल कानेमन यांना, ज्यांना पुढे २००२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, इस्रायली हवाई दलाच्या प्रशिक्षकांनी हेच ऐकवलं होतं: कौतुक केलं की पुढचं उड्डाण बिघडतं, झापलं की सुधारतं. कानेमन यांनी त्यांना पाठीमागच्या लक्ष्यावर नाणी फेकायला लावून दाखवलं की खूप चांगल्या खेपेनंतरची खेप साधारणच असते आणि खूप वाईट खेपेनंतरचीही. झापणाऱ्याला फुकटचं श्रेय मिळतं, कौतुक करणाऱ्याला फुकटचा दोष. फुटबॉलमध्ये तर हे जास्तच, कारण नव्वद मिनिटांत गोल पडून पडून किती पडणार, दोन-तीन. एक उसळी इकडची तिकडे झाली की निकाल उलटा. मोठमोठ्या खेळाडूंच्याही साधारण चारांतली एक पेनल्टी वाया जाते.

बाबा क्रिकेटवाले, जुन्या इंदूरचा अभिमान असलेले. निघताना म्हणाले, "पण टीम असावी तर होळकरांची. चार वेळा रणजी जिंकली."

"आणि किती वेळा फायनल हरली?"

त्यांना आठवेना. सहा वेळा. १९४४-४५ ते १९५४-५५ या काळात होळकर संघ दहा वेळा अंतिम सामन्यात पोचला, त्यातले चार जिंकला. क्रमही पाहण्यासारखा आहे: १९४५-४६ला विजेते, १९४६-४७ला बडोद्याकडून मार, १९४७-४८ला पुन्हा विजेते. त्या मधल्या फायनलमध्ये बडोद्याच्या विजय हजारे आणि गुल महंमद यांनी ५७७ धावांची भागीदारी रचली होती. होळकर संघातल्या सी. के. नायडू आणि मुश्ताक अली यांच्यात सातत्य नव्हतं असं त्या वर्षी घरी कोणी म्हणालं असेल का, हे बाबांनीच मला विचारलं आणि स्वतःच हसले.

एक मात्र खरं. प्रत्येक उताराला नशीब म्हणून मोकळं होऊ नका. निखिलच्या टीमचा १-३चा सामना अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी होता. अख्खी टीम रात्रभर मिलांच्या झांक्या, म्हणजे मिरवणुकीतले देखावे, पाहत राजवाड्यावर जागी. तिथे मानसशास्त्र लागत नाही, झोप लागते. आधी अशी साधी कारणं तपासा: झोप, दुखापत, परीक्षा, मैदान. ती नसतील तर पाच-सहा सामने एकत्र पाहा. एका सामन्यावरून मुलाच्या स्वभावाचं निदान करू नका.

घरच्यांना मी जे सांगितलं ते इतरांनाही उपयोगी पडेल. मुलगा दारात आला की 'काय झालं?' हा प्रश्न गिळा. त्याचा अर्थ स्कोअर सांग असाच होतो. आधी पाणी, जेवण. मग 'आज कुठला पास मस्त लागला?' असं काही. जिंकल्यावर जिलेबी आणि हरल्यावर भिंतीसारखे चेहरे हे बंद करा. आणायची तर प्रत्येक सामन्यानंतर जिलेबी आणा, नाहीतर आणू नका. कौतुक भरपूर करा, पण नेमकं: 'बॉल गेल्यावर तू धावत मागे आलास ना, ते आवडलं.' असं कौतुक हरल्याच्या दिवशीही करता येतं, हाच त्याचा फायदा. रागावायचं तर दुसऱ्या दिवशी आणि चुकलेल्या गोष्टीवर. आणि 'निकालाला महत्त्व नसतं' असं चुकूनही म्हणू नका. विद्यापीठाच्या संघाची निवड करणारे निकालही बघतात हे मुलांना ठाऊक असतं, अशा वाक्यावर ती मनातल्या मनात हसतात.

मेस्सीच्या गोष्टी सांगतानाही जपून. २०२२च्या विश्वचषकात अर्जेंटिना सलग ३६ सामने न हरता आली, पहिल्याच सामन्यात सौदी अरेबियाकडून १-२ हरली आणि शेवटी कप घेऊन गेली. छान गोष्ट आहे, निखिलनेच मला ऐकवली. पण तिचा शेवट कपात आहे, म्हणून ती छान वाटते. ज्या पोराला कप मिळणार नाही त्याने काय करायचं, हे ती सांगत नाही.

एक सावधगिरी. झोप आणि जेवण उडणं दोन आठवड्यांपलीकडे रोजचंच झालं, मित्र टाळणं सुरू झालं, किंवा जगण्यात अर्थ नाही अशी भाषा आली, तर माझ्यासारखीची वाट पाहू नका. थेट मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. टेलिमानसचा १४४१६ हा मानसिक आरोग्याच्या मदतीचा सरकारी नंबर दिवसरात्र चालू असतो.

निखिलची टीम उपांत्यपूर्व फेरीत पेनल्टीवर हरली. त्याची स्वतःची पेनल्टी गोलकीपरने अडवली. त्या आठवड्यात तो आला तेव्हा मी स्कोअर विचारला नाही, त्यानेही बराच वेळ सांगितला नाही. "उजवीकडे मारायचं ठरवलं होतं, शेवटच्या क्षणी बदललं," म्हणाला. "ते बदलायला नको होतं. रडलो मॅडम, खूप. पण पोहे खाल्ले." मोजे आईने धुतले होते. बाबा तो सामना पाहायला गेले होते आणि हरल्यावरही पुढच्या वर्षी येणार म्हणाले.

सर अजून झापतात. त्यांचं म्हणणं, समुपदेशन वगैरे ठीक आहे, पण मैदानावर आवाज चढवल्याशिवाय पोरं पळत नाहीत. निखिलने मला विचारलं, सरांनाही एकदा फासा द्याल का? द्यायला माझी ना नाही. पण बोलावल्याशिवाय मी कोणाच्या मैदानावर जात नाही, आणि त्यांनी अजून बोलावलेलं नाही.