अक्षता पडण्याआधी एक फोन

अल्पवयीन मुलींचं लग्न, संमती आणि कायदा याबद्दल आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना उत्तरं देते आहे.

आम्ही मुकादमाकडून उचल घेतलीय, दिवाळीनंतर ऊसतोडीला कोयत्यावर जावं लागणार. मुलगी सोळाची. तिला मागं कुणापाशी ठेवायचं? स्थळ चांगलं आहे, तीही हो म्हणते. लग्न लावून दिलं तर? (गेवराई तालुका)

भाऊ, तुमची भीती खरी आहे. याच भीतीपोटी तुमच्या भागात किती पोरी बोहल्यावर चढतात, ते मी कोर्टात रोज पाहते. पण तिच्या 'हो'ला कायद्यात किंमत नाही. १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू असलेला पॉक्सो, म्हणजे बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा, अठराच्या आतल्या मुलीची संमती धरतच नाही. नवऱ्यालाही सूट नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ती काढली आणि भारतीय न्याय संहितेतही तेच आहे. तिला दिवस गेले तर जावयाला किमान २० वर्षांची शिक्षा होऊ शकते. लग्न लावणाऱ्यांना दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड वेगळाच. बायकांना कैद होत नाही, पण गुन्ह्यातून आईही सुटत नाही.

चांगलं स्थळ दोन वर्षं थांबतं. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृहं आहेत. मुकादमाची गाडी यायच्या आत समाजकल्याण कार्यालयात आणि शाळेच्या मुख्याध्यापकांकडे जाऊन या. जागा मिळाली नाही तर आजीपाशी ठेवा, पण शाळा सोडवू नका. शाळेतून नाव कमी झालं की पाठोपाठ सोयरीक येते.

मुलगी एका मुलासोबत निघून गेली. आधारवर तिचं वय १९, शाळेच्या दाखल्यावर १७. कोणतं खरं? (परभणी)

शाळेचं. शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र आधी, ते नसेल तर ग्रामपंचायतीची किंवा नगरपालिकेची जन्मनोंद, तीही नसेल तरच हाडांची तपासणी. आधार हा जन्मतारखेचा पुरावा नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये सांगितलं आहे. मुलगाही अठराच्या आत असेल तर त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे चालेल. तक्रारीत घडलं तेवढंच लिहा. रागाच्या भरात वाढवून सांगितलेली एक ओळ दोन्ही लेकरांना वर्षानुवर्षं कोर्टात फिरवते.

भाचीचं सोळाव्या वर्षी बिदरकडे लग्न लावलं. तिकडं असं लग्न धरतच नाहीत म्हणे. खरं का? (उदगीर)

खरं आहे. लग्न आणि फौजदारी कायदा हे दोन्ही विषय समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्याही अखत्यारीत येतात, त्यामुळे राष्ट्रपतींच्या संमतीने राज्याला केंद्राच्या कायद्यात बदल करता येतो. कर्नाटकाने तसा बदल केला आणि त्यानंतरचा बालविवाह तिथे मुळातच शून्य ठरतो, म्हणजे लग्न झालंच नाही असं धरतात. आपल्याकडे मात्र तो रद्द करून घ्यायला मुलीनेच कोर्टात जायचं, तेही सज्ञान झाल्यावर दोन वर्षांच्या आत. तोवर तिच्या वतीने पालक बालविवाह प्रतिबंध अधिकाऱ्यासोबत अर्ज करू शकतात.

महाराष्ट्रानेही कर्नाटकासारखा बदल करावा, असं माझं ठाम मत आहे. ज्या बापाने लग्न लावलं त्याच्याच घरात राहून एकोणीस वर्षांची पोर कोर्टाची पायरी कशी चढणार? आज आपल्या हाती आहे तो मनाई हुकूम. न्यायदंडाधिकाऱ्याचा हुकूम मोडून लावलेलं लग्न इथेही शून्यच. म्हणून हळदीच्या आधी कळवा. गावात ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) हेच बालविवाह प्रतिबंध अधिकारी आहेत. ते सोयऱ्यांतले असले तर मुलांच्या हेल्पलाइनचा १०९८ लावा. भाचीला मात्र आता नांदायला पाठवू नका.

मी गावातली आशा सेविका आहे. सतरा वर्षांची गरोदर मुलगी नोंदणीला आली. कळवलं तर गाव अंगावर येईल. न कळवलं तर? (हिंगोली)

ताई, न कळवणं हा पॉक्सोखाली गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. एकटीने अंगावर घेऊ नका, त्याच दिवशी वैद्यकीय अधिकाऱ्यांना सांगा. मुलीला धीर द्या: तिचा जबाब घरीही घेता येतो, शक्यतो महिला उपनिरीक्षक घेतात, आणि जबाब घेणारे गणवेशात नसतात. तिला गर्भपात करायचा असेल, तर तिने आणि पालकांनी विनंती केल्यास डॉक्टरांनी पोलिसांना तिची ओळख सांगायची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. आणि पोलीस येईपर्यंत तिची रक्त तपासणी, गोळ्या, धनुर्वाताचं इंजेक्शन यातलं काहीही अडवून ठेवू नका.