निकाल लागेपर्यंत हसायचं नाही?

*ताई, मी वसमत तालुक्यातली. लेक नीटची रिपीटर आहे. गेल्या वर्षी मेसच्या जेवणानं तिचं पोट सारखं बिघडायचं, म्हणून यंदा मी तिच्यासोबत लातूरला खोली करून राहिले आहे. ती सकाळी सातला क्लासला जाते, दुपारी जेवायला येते, मग अभ्यासिकेत. रात्री दहाला परत. हिचे पप्पा गावाकडं एकटे. हळद काढायला आलीय, मजूर मिळत नाहीत. माझा स्वयंपाक दोन तासांत उरकतो आणि बाकीचा दिवस खायला उठतो. इथं ना अंगण, ना माती. खालच्या मजल्यावरच्या बाया संध्याकाळी फिरायला जातात. एक-दोनदा गेले, पण तिथं सगळ्या टेस्टचे मार्क विचारतात. एकीच्या मुलाला साडेसहाशे पडले, माझ्या लेकीला चारशे ऐंशी. त्या रात्री मला घास गिळला नाही. घरमालकीणबाईंनी येळवशीच्या सणाला शेतावर बोलावलं होतं. लेकीची टेस्ट आहे म्हणून नाही म्हणाले. खरं सांगू, टेस्ट नसती तरी गेले नसते. लेकरू तिकडं पुस्तकात मान घालून बसलेलं, हिचे पप्पा उन्हात, आणि मी हिंडत बसू? परवा लेक म्हणाली, 'आई, तू सारखी माझ्याकडं बघत बसू नको गं.' तेव्हापासून रडू आवरत नाही. माझं काय चुकतंय?*
*एक आई, लातूर*

ताई,

लेकीचं ते वाक्य तुम्हाला लागलं. मला मात्र तुमच्या अख्ख्या पत्रात तेच सगळ्यात मोलाचं वाटलं. ती रागानं बोललेली नाही. तिला ओझं झालंय आणि ते अभ्यासाचं नाही. दार उघडून ती आत येते तेव्हा तिला पहिल्यांदा तुमचा चेहरा दिसतो. तुम्ही काही विचारत नाही, ताट वाढता आणि तिच्या तोंडाकडं बघून आजचा पेपर कसा गेला असेल याचा अंदाज घेता. तिला कळतं की आई दिवसभर कुठं गेली नाही, कुणाशी बोलली नाही, नुसती माझी वाट बघत बसली. बापाची हळद, खोलीचं भाडं, क्लासची फी हे सगळं तिला ठाऊक आहेच. त्यात आईचं हसूसुद्धा आपल्यालाच परत मिळवून द्यायचंय, आणि तेही मे महिन्यातल्या एका दुपारच्या पेपरात. अठरा-एकोणीस वर्षांच्या लेकरानं एवढं उचलायचं म्हणजे फार झालं.

एखादा कडक उपास धरावा तसं तुम्ही निकालापर्यंत आनंद वर्ज्य करून टाकलाय. असं करा म्हणून तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. लेक तर उलट सोड म्हणतेय. आणि हिचे पप्पा उन्हात आहेत म्हणून तुम्ही सावलीत बसायचं नाही, असा हिशोब त्या माणसाच्या मनात असेल असं तुमच्या पत्रावरून मला तरी वाटत नाही. बायकोला इतक्या लांब ठेवून एकटा हळद काढणारा माणूस तुम्ही दोघी बऱ्या असाव्यात एवढंच मागत असणार.

म्हणून माझं पहिलं सांगणं हे, की आनंद करायला लेकीचे मार्क वाढायची वाट बघू नका. तो आधी करा. मार्कांचं जे व्हायचं ते होईल. तुम्ही चार भिंतींत झुरल्यानं तिचा एकही प्रश्न बरोबर येणार नाही.

आता माती नाही, अंगण नाही म्हणता त्याबद्दल. माती नसेल, पण आभाळ आहे, गच्ची आहे आणि गल्लीत कडुनिंब असणारच. लातुरात कडुनिंब नाही अशी गल्ली मला तरी आठवत नाही. या दिवसांत त्याची पानगळ चालू असते. खालचा रस्ता पिवळा होतो, झाडणारी बाई वैतागते आणि वर फांद्यांच्या टोकाला तांबूस, तेल लावल्यासारखी चकचकीत पालवी फुटायला लागते. रोज एकच फांदी धरून बघा. आठवड्यात तिचा रंग बदललेला दिसेल. पाडव्याच्या आसपास मोहर येईल आणि संध्याकाळी खिडकी उघडली की गोडसर वास आत येईल. सकाळी दहा-अकराच्या सुमाराला भांडी घासताना टुक टुक टुक असा एकसुरी आवाज कानावर पडत असेल. तो तांबट. अंगानं हिरवा, म्हणून पानांत दिसत नाही. ओरडताना मान इकडून तिकडं वळवतो, त्यामुळं आवाज कुठून येतोय तेही कळत नाही. वाळलेल्या फांदीवर लक्ष ठेवा, तिथं सापडेल. कपाळावर कुंकवासारखा लाल ठिपका असतो. एकदा दिसला की मग रोज दिसतो.

पण तुम्हाला मुद्दाम सांगायचंय ते भोरड्या पाखरांबद्दल. तुम्ही शेतातल्या बाई. ज्वारी दाण्यावर आली की भोरड्या किती छळतात हे मी तुम्हाला काय सांगणार! माळ्यावर उभं राहून, पत्र्याचा डबा बडवून, गोफण फिरवून तुमचाही घसा बसलेला असेल. त्याच भोरड्या या दिवसांत लातूरच्या आभाळात असतात. संध्याकाळी सहाच्या आत गच्चीवर जा. गच्चीवरून नाही दिसल्या तर एखाद्या मोकळ्या मैदानाकडं चालत जा. आधी दहा-वीस येतात, मग बघता बघता शेकड्यांनी. सगळा थवा एकाएकी वळतो, गडद होतो, विरतो, परत एकवटतो. एवढ्या गर्दीत एक पाखरू दुसऱ्यावर आदळत नाही. मग एखाद्या मोठ्या झाडावर सगळ्या उतरतात आणि अंधार पडेपर्यंत नुसता कालवा. जवळ बसली तर नीट बघा: पाठ-पोट फिकट गुलाबी, डोकं, पंख नि शेपटी काळी, डोक्यावर मागं झुकलेला तुरा. मध्य आशियातून, पूर्व युरोपातून येतात हो त्या, आणि एप्रिलपर्यंत पिलं काढायला परत तिकडं जातात. जाण्याआधी पळस, पांगारा, काटेसावर फुललेली असते, तिच्या फुलांत चोची बुडवून मध पितात. गावाकडं तुम्हाला पीक राखायचं होतं, म्हणून इतकी वर्षं त्यांना हाकलण्यातच गेली. इथं राखायला काही नाही. पहिल्यांदाच त्यांच्याकडं निवांत बघायला मिळतंय, ते सोडू नका.

पहिले काही दिवस गच्चीवर उभं राहिलं तरी आतून टोचेल. लेकरू अभ्यास करतंय आणि मी पाखरं बघतेय, असं वाटेल. टोचू द्या, पण खाली उतरू नका. थवा झाडावर बसेपर्यंत थांबा.

आता खालच्या मजल्यावरच्या बाया. त्यांच्यावर रागावू नका. त्याही तुमच्यासारख्याच नांदेड, परभणी, बीड, धाराशिवकडून आपापलं घर, सासू, गुरं मागं टाकून आलेल्या असणार. त्यांना बोलायला दुसरा विषय सुचत नाही, कारण वर्षभर घरात दुसरा विषयच नाही. साडेसहाशेवाल्याची आईसुद्धा रात्री जागीच असते, पुढच्या टेस्टला कमी पडले तर काय म्हणून. तेव्हा एकदा तुम्हीच सरळ म्हणा, 'बायांनो, फाटकाच्या बाहेर पडलं की मार्क नकोत.' कुणीतरी असं म्हणावं याची त्यातल्या निम्म्या जणी वाट बघत असतील. बाकीच्यांना नाही पटलं तर नाही. त्यातल्या एकीशी जरी तुमचं जमलं तरी पुष्कळ. तिला विचारा, तुमच्याकडं यंदा काय पेरलं, भाकरीला पीठ कुठून आणता, मिरची कुठली चांगली. रोज अर्धा तास चाला. लांब कुठं जायची गरज नाही. भाजी आणायला दोघी मिळून गेलात तरी चालेल. कास्तीची कोथिंबीर मिळाली तर जुडी नाकाशी धरून बघा. लातूरकडची ही कोथिंबीर वासासाठी नावाजलेली, तिला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालंय. हा मान तुमच्या वसमतच्या हळदीलाही आहे, ते त्या मैत्रिणीला अभिमानानं सांगा.

एखाद्या दिवशी गंजगोलाईला जा. काही घ्यायचं नसलं तरी जा. १९१७ मधली ती गोल दुमजली इमारत, मधोमध अंबाबाईचं देऊळ आणि चहूबाजूंनी येऊन मिळणारे सोळा रस्ते. एका रस्त्यावर सोनं-चांदी, दुसऱ्यावर चपला, कुठं मिरची, कुठं गूळ. देवळाला पाठ करून उभं राहायचं आणि मैत्रिणीनं सांगायचं, आज कोणता रस्ता. सोळा रस्ते पायी बघायला तुमचा पुष्कळ दिवसांचा फेरफटका होईल आणि खर्च शून्य.

येळवशीला तुम्ही गेला नाहीत याची मात्र मला खरोखर हळहळ वाटली. तुमच्याकडं येळवशीची एवढी चाल नाही, म्हणून काय हुकलं ते कदाचित लक्षात आलं नसेल. मार्गशीर्ष अमावास्येला लातूर शहर ओस पडतं, दुकानं बंद, रस्ते मोकळे, सगळी माणसं शिवारात. कडब्याची कोप, म्हणजे खोपी, उभी करतात, आत चुना लावलेले पाच पांडव मांडून पूजा करतात आणि 'ओलगे ओलगे सालम पोलगे' म्हणत पिकावर आंबील शिंपडतात. मग पंगत: आंबील, उंडे, खीर आणि हरभऱ्याचे, वालाचे, तुरीचे ओले दाणे नि पालेभाज्या घालून शिजवलेली भज्जी. ज्याला शेत नाही त्याला शेतवाला हाक मारून बोलावतो, वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही जेवल्याशिवाय सोडत नाहीत. घरमालकीणबाईंनी तुम्हाला बोलावलं ते नुसत्या रीतीसाठी नव्हे. वरच्या खोलीतली बाई दिवसभर एकटी असते हे त्यांनी बघितलेलं होतं.

ती हाक अजून वाया गेलेली नाही. हिचे पप्पा येतील किंवा कुणी गावाकडचं येईल, त्यांच्याकडून थोडी घरची हळद मागवा आणि स्वतः नेऊन द्या. म्हणा, तेव्हा यायला जमलं नाही, आता भज्जी कशी करतात ते तरी शिकवा. बाईमाणूस बाईमाणसाला असं काही विचारते तेव्हा नाही कुणी म्हणत नाही. पुढची येळवस डिसेंबरात किंवा जानेवारीत येईल. लेक तोवर कुठं शिकत असेल ते असो, तुम्ही मात्र त्यांच्या शेतात जेवायला जा.

गच्चीवर अजून एक करा. मातीचं पसरट परळ आणून सावलीत ठेवा, रोज पाणी बदला, घासून काढा म्हणजे डास होणार नाहीत. याच लातूरला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. इथल्या माणसांना तहान काय असते ते चांगलं माहीत आहे. मार्च तापायला लागला की बुलबुल, चिमण्या, साळुंक्या यायला लागतील.

लेक रात्री आली की पेपरचं विचारू नका. जेवू द्या. तुमच्याकडं सांगण्यासारखं काही असेल ते सांगा, तांबट दिसला, भोरड्या आल्या, अमकीच्या गावाकडं लग्न निघालं. ती पाच मिनिटं हसली तर हसली. नाही हसली, तशीच झोपली, तरी वाईट वाटून घेऊ नका. दमलेली असते.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे घ्या. रडू असंच दोन आठवडे थांबलं नाही, जेवण तुटलं, झोप लागेना, कशातच जीव रमेना, तर शासकीय रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात जाऊन या. घरून बोलायचं असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. यात लाजण्यासारखं काही नाही. नंबर लेकीलाही देऊन ठेवा, तिच्या मैत्रिणींच्याही उपयोगाला येईल. परीक्षेच्या आधीच्या महिन्यांत ही लेकरं किती आतल्या आत कुढतात ते तुम्ही रोज बघताच आहात.

राहिले हिचे पप्पा. रात्री फोनवर ते विचारतात, काय चाललंय, आणि तुम्ही म्हणत असाल, काही नाही, तुमचं कसं. त्यांना इथलं सांगा. भोरड्यांचं तर नक्की सांगा, ते तिकडं ज्वारीतून त्यांनाच हाकलत असतील. आणि हळद शिजून वाळत पडली, हात जरा मोकळा झाला, की दोन दिवसांसाठी बोलवून घ्या. महाशिवरात्रीला सिद्धेश्वराची यात्रा असते. त्या सुमाराला जमलं तर उत्तमच, नाही तर नंतर कधीही. एक दुपार लेकीला अभ्यासिकेतून लवकर बोलवा आणि तिघं मिळून जेवा. भाकरी गावाकडच्या पिठाची असू द्या.