सासऱ्यांसाठी लॉनचा एक कोपरा

इंग्लंडमधल्या हेरफर्डशर परगण्यातल्या एका खेड्यातून या सदराला आलेल्या पत्रात पाच काळज्या मांडलेल्या आहेत. पत्रलेखिकेचे सासू-सासरे मे महिन्यात संगमेश्वर तालुक्यातून आले. व्हिसाच्या नियमाप्रमाणे ते सहा महिन्यांपर्यंत राहू शकतात, पण सासऱ्यांनी आतापासूनच परतीचे तिकीट अलीकडचे काढा म्हणून धोशा लावला आहे. मुलीचे मराठी, मुलाचा हे फीव्हर (परागांमुळे येणाऱ्या शिंका-सर्दी), शेजाऱ्यांची वाढलेली हेज (झाडाझुडपांचे कुंपण) आणि कोमेजलेली तुळस या उरलेल्या चार गोष्टींना मी शेवटी थोडक्यात उत्तर देईन. आज मला बोलायचे आहे ते सासऱ्यांविषयी.

पत्रातला मजकूर त्यांच्याच शब्दांत देते. "आम्ही दोघे सकाळी साडेसातला बाहेर पडतो आणि सहानंतर परततो. बाबा दिवसभर स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून मागच्या बागेकडे पाहत असतात. आम्ही त्यांना बाथ शहर दाखवले, स्टोनहेंज दाखवले, लंडनला तीन दिवस नेऊन आणले, मराठी वाहिन्याही घेऊन दिल्या, तरी ते खुलत नाहीत. परवा म्हणाले, मागे थोडी मेथी टाकू का? तेव्हा हे म्हणाले, बाबा, आयुष्यभर कष्ट केलेत, आता आराम करा. शिवाय लॉन गेल्याच वर्षी नवीन घातली आहे. त्या दिवसापासून बाबा अधिकच गप्प झाले. आमचे कुठे चुकते आहे?"

तुमची ओढाताण मला कळते. दोन नोकऱ्या, दोन मुले, गावात दिवसातून मोजक्या बसगाड्या आणि मनासारख्या भाजीसाठी बर्मिंगहॅमपर्यंत गाडी हाकायची, हा संसार आपण सगळ्यांनीच केला आहे. तुमच्या यजमानांच्या बोलण्यामागे मायाच आहे, हेही मी जाणते. तरीही मी तुम्हा दोघांना रागावणार आहे, कारण तुमच्या प्रश्नाचे उत्तर तुमच्या सासऱ्यांनी स्वतःच दिले होते आणि तुम्ही ते लॉनच्या नावाखाली फेटाळून लावलेत.

जरा महिना पाहा. जूनच्या पहिल्या आठवड्यात मृग लागतो. कोकणातला शेतकरी या दिवसांत भाताचा तरवा टाकतो, बांध सावरतो, आभाळाकडे बघत लावणीची माणसे ठरवतो. ज्या माणसाचा प्रत्येक जून चिखलात पाय रोवून गेला आहे, त्याला तुम्ही ऐन मृगात खिडकीशी बसवले आहे आणि समोर काय, तर खायला न येणारे गवत, जे दर शनिवारी कापून हिरव्या कचरापेटीत टाकले जाते. त्यांना बाथची हमामे पाहून आनंद झाला असेल, पण प्रेक्षणीय स्थळे माणसाला पाहुणा करतात. आपल्यावाचून काही अडते आहे, हे त्यांना या घरात कुठेच जाणवत नाही. म्हातारपणी माणूस खचतो तो याने. कष्टाने तो इतका खचत नाही.

माझे वडील निवृत्त शिक्षक होते, कराडजवळच्या गावी घरची थोडी शेती होती. उन्हाळ्यात ते ससेक्सला आमच्याकडे येत. पहिल्याच भेटीत त्यांनी शेडच्या कडेची पट्टी मागून घेतली आणि माझ्या नवऱ्याने लगेच फावडे त्यांच्या हातात ठेवले. त्यानंतर पहाटे पाचला उठून काय करायचे, हा प्रश्न त्यांना पडला नाही. या देशात जूनमध्ये पाचच्या आतच उजाडते आणि रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. आपल्या वडीलधाऱ्यांची झोप उजेडाबरोबर मोडते आणि मग तो लांबलचक दिवस त्यांना खायला उठतो. वडिलांना मात्र तो पुरत नसे. कुंपणापलीकडे एक वृद्ध इंग्रज गृहस्थ राहत. दोघांची भाषा जेमतेम जुळायची, पण गोगलगाईंच्या उपद्रवाविषयी ते तासन्‌तास बोलत आणि त्यांच्याकडच्या रनर बीन्सच्या शेंगा आमच्याकडे, आमची मेथी त्यांच्याकडे असा व्यवहार सुरू झाला. ऑगस्टमध्ये गावच्या फुलाफळांच्या प्रदर्शनात 'इतर कोणतीही भाजी' असा एक वर्ग असतो. त्यात वडिलांनी मेथीची जुडी सुतळीने बांधून ठेवली आणि दिवसभर टेबलापाशी उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला तिचा वास घ्यायला लावला. त्या गावात आम्हाला लोक नावाने ओळखू लागले ते तेव्हापासून.

म्हणून आता कामाला लागा. मागच्या लॉनचा सर्वांत जास्त ऊन मिळणारा कोपरा, साधारण दोन मीटर बाय तीन मीटर, सासऱ्यांच्या नावाने मोकळा करा. स्वतःच्या मागच्या बागेत भाजी लावायला कुणाची परवानगी लागत नाही, मात्र घर भाड्याचे असेल तर घरमालकाला आधी विचारा. लॉन खणणे म्हणजे काहीतरी विपरीत करणे, असे वाटत असेल तर या देशाचा इतिहास आठवा. दुसऱ्या महायुद्धात 'डिग फॉर व्हिक्टरी', म्हणजे विजयासाठी खणा, या सरकारी हाकेसरशी इथल्या लोकांनी हिरवळी खणून बटाटे आणि कोबी लावले, आणि टॉवर ऑफ लंडनच्या खंदकातही भाजीचे वाफे होते.

गवताचा थर कुदळीने मातीसकट चौकोनी तुकड्यांत सोलून काढा आणि तुकडे पालथे घालून एका कडेला रचून ठेवा, वर्षभरात त्यांची उत्तम माती होते. हेरफर्डशरची माती लालसर आणि चिकण आहे. लाल रंग इथेही लोहाचाच, त्यामुळे सासऱ्यांना ती परकी वाटणार नाही, पण ओली असताना ती तुडवली की विटेसारखी घट्ट होते, हे त्यांना आधी सांगा. भरपूर कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट मिसळा. जेथे वर्षानुवर्षे गवत होते तेथे वायरवर्म नावाची पिवळसर अळी असते आणि ती बटाटे पोखरते, म्हणून पहिल्या वर्षी बटाटे नकोत. गुडघे किंवा कंबर साथ देत नसेल, तर लाकडी फळ्यांचा उंच वाफा करून घ्या.

जूनअखेर झाली म्हणून उशीर झालेला नाही. मेथी तर वाण्याच्या पुडीतली चालते. आठवड्याभरात ती उगवते, चार-पाच आठवड्यांत खुडायला येते, आणि दर पंधरा दिवसांनी एक ओळ टाकत गेले तर सप्टेंबरपर्यंत पुरते. कोथिंबिरीला धणे रगडून टाका, पण अर्धवट सावलीत, कारण इथल्या लांब दिवसांत ती पटकन फुलावर येते. लाल माठ, मुळा, बीट आणि फरसबी जुलैच्या सुरुवातीपर्यंत पेरता येतात. भेंडी, गवार आणि वांगी यांना काचघराची ऊब लागते, तेव्हा उघड्यावर त्यांचा हट्ट धरू नका. झेंडूची तयार रोपे गार्डन सेंटरमधून आणा. पहिले गोठवणारे दव पडेपर्यंत ती फुलत राहतात आणि बहुतेक वर्षी दसऱ्याचे तोरण घरच्याच फुलांचे होते. गावाहून बियाणे किंवा रोपे पिशवीत घालून मागवू नका, त्यासाठीचे नियम कडक आहेत आणि विमानतळावर वडीलधाऱ्यांना त्याचा मनस्ताप होतो.

या सगळ्यापेक्षा महत्त्वाचे म्हणजे तो वाफा खरोखर त्यांचा असू द्या. काय लावायचे, कधी पाणी घालायचे, केव्हा खुडायचे, हे त्यांनी ठरवायचे. यजमानांनी शनिवारी येऊन ओळी सरळ करायच्या नाहीत. वाकडी ओळ वाकडीच राहू द्या. आणि सोमवार-मंगळवारची भाजी वाफ्यातून येईल असे उघडपणे ठरवा, म्हणजे त्यांच्यावाचून घराचे खरेच अडेल. माझी नणंद लेस्टरला राहते. तिने सासऱ्यांना वाफा दिला, पण भाजी मात्र दर आठवड्याला दुकानातून आणत राहिली, आणि ते महिन्याभरात पुन्हा सोफ्यावर जाऊन बसले.

सासूबाईंना मातीची आवड असेलच असे नाही. माझ्या आईला नव्हती. तिने पूजेची फुले आपल्याकडे घेतली आणि गूजबेरीचे लोणचे घातले, जे आमच्याकडे अजून दर जुलैत होते. पण सासूबाईंना दोन गोष्टी आजच सांगा. रूबार्बचे देठ आंबटचुक्यासारखे आंबट असतात आणि शिजवून खातात, मात्र त्याची पाने विषारी आहेत. मोठी हिरवी पाने दिसली की आपल्या बायकांना अळू आठवते, म्हणून हे बजावून सांगते आहे. तसेच कुंपणाकडेला जांभळ्या घंटांचे तुरे येणारे फॉक्सग्लोव्ह हृदयाला घातक असते, त्याच्या पानाला पालेभाजी समजून हात लावू नये.

पुढच्या वर्षीही ते येणार असतील, तर गावच्या पॅरिश कौन्सिलकडे, म्हणजे इथल्या ग्रामपंचायतीकडे, अलॉटमेंटसाठी (भाजी लावायला भाड्याने मिळणाऱ्या जमिनीच्या तुकड्यासाठी) आत्ताच नाव नोंदवा. पूर्ण आकाराचा तुकडा सुमारे 250 चौरस मीटरचा असतो, पण अर्धाही मिळतो. तुमच्या गावात अलॉटमेंट नसेल, तर 1908 च्या कायद्याप्रमाणे सहा नोंदलेले मतदार एकत्र येऊन कौन्सिलकडे लेखी मागणी करू शकतात आणि कौन्सिलला तिचा विचार करावा लागतो. तिथे तुमच्या सासऱ्यांना त्यांच्या वयाची, त्यांच्यासारखीच मातीने नखे भरलेली माणसे भेटतील. कुठलीही वाहिनी ही सोबत देऊ शकत नाही.

आता उरलेल्या काळज्या. "मुलगी आजी-आजोबांना इंग्रजीतच उत्तर देते," असे तुम्ही लिहिले आहे. तिला रोज संध्याकाळी अर्धा तास वाफ्यावर पाठवा, अभ्यासाचे पुस्तक न देता. वाफा, आळे, खुरपे, निंदणी, मोड हे शब्द आजोबांच्या हाताखाली काम करताना येतात. जुलैच्या शेवटी सहा आठवड्यांची सुट्टी लागते आहेच. माझ्या मुलाने 'पाणी तोडा' हे आजोबांकडूनच ऐकले आणि आज तो चाळिशीत असूनही फोनवर माझ्याशी मराठीच बोलतो.

मुलाचा हे फीव्हर जून-जुलैत गवताच्या परागांमुळे बळावतो. फार्मासिस्टला विचारून वयाला योग्य औषध घ्या, हवामान खात्याचा परागांचा अंदाज पाहा आणि त्याचे कपडे बाहेर दोरीवर वाळत घालू नका. श्वास लागत असेल तर मात्र वाट न पाहता जीपीकडे, म्हणजे तुमच्या नेहमीच्या डॉक्टरकडे जा.

शेजाऱ्यांच्या हेजविषयी इतकी चिडचिड नको. दोन मीटरपेक्षा उंच सदाहरित हेजसाठी 2003 च्या कायद्याखाली कौन्सिलकडे (पॅरिशच्या नव्हे, परगण्याच्या) तक्रार करता येते, पण त्याला फी लागते आणि आधी समोरासमोर बोलल्याचे दाखवावे लागते. तसेही ऑगस्ट संपेपर्यंत त्यात पक्ष्यांची घरटी असू शकतात आणि वापरातले घरटे मोडणे गुन्हा आहे. तेव्हा सप्टेंबरमध्ये जा, आणि जाताना सासऱ्यांनाही बरोबर न्या, मेथीची जुडी घेऊन.

तुळस बाहेर ठेवलीत म्हणून कोमेजली. रात्रीचे तापमान दहा अंशांच्या खाली गेले की ती टिकत नाही, आणि तुमच्याकडे जूनमध्येही अशा रात्री येतात. ती दक्षिणेच्या खिडकीत घ्या, पाणी सकाळी आणि बेताचे घाला, मंजिऱ्या खुडत राहा. सासऱ्यांचे तिकीट मात्र नोव्हेंबरचेच राहू द्या, आणि यजमानांना म्हणावे, ह्या शनिवारी लॉन कापण्याआधी बाबांना विचारा की कोपरा कोणता हवा.