आधी बोटं फिरव, मग पैसे मोज

पोलंडची काच जमवायला सुरुवात करतेयस, तर पहिली दोन-चार भांडी झोंब्कोवित्से कारखान्याचीच घे, असं मी आग्रहाने सांगेन. एरिका त्शेविक-द्रोस्त आणि यान सिल्व्हेस्तर द्रोस्त या जोडप्याने तिथे अनेक वर्षं दाबकाचेची डिझाइन्स केली. यानची 'अ‍ॅस्टेरॉइड' मालिका तर हातात घेऊनच बघायला हवी.

दाबकाच म्हणजे वितळलेला काचरस लोखंडी साच्यात ओतून वरून दट्ट्याने दाबायचा. साच्यात कोरलेला खडबडीतपणा बाहेरून उमटतो, दट्ट्याची बाजू बहुधा गुळगुळीत राहते. म्हणून आत-बाहेर दोन्हीकडून बोटं फिरव. साच्याची शिवण, म्हणजे त्याच्या जोडाची रेघ, दिसली तर घाबरू नकोस, तो दोष नव्हे. टवके मात्र उंचवट्यांवरही उडतात, आणि नक्षीत ते बेमालूम लपतात. तिरप्या उजेडात सावकाश फिरवून पाहा.

कागदी लेबलवर विसंबू नकोस, ते सहज चिकटवता येतं. मी तशी एक फुलदाणी घेतली होती. अजून हळहळ वाटते.

झ्बिग्न्येव्ह होर्बोवी या पोलिश डिझायनरची फुंकून घडवलेली, धुरकट रंगांची काच नंतर घे. तिथे सगळं सौंदर्य आकारात आणि काचेच्या जाडीत असतं, आणि ते ओळखायला नजर तयार व्हावी लागते.